विचारायचं नाही, जाऊन बघायचं

त्या मंगळवारी सकाळी श्रीधर घरातून निघाला तेव्हा मी त्याच्याकडे पाठ करून इस्त्री करत होते. लंडनच्या पिनर भागातल्या आमच्या घरापासून दहा मिनिटांवर एक प्रायमरी शाळा आहे, तिथे मी रिसेप्शनवर असते. त्या दिवशी शाळेत इन्स्पेक्शन होतं आणि नेमका हवा तोच टॉप चुरगळलेला. माझी नेहमीसारखी धांदल चाललेली. मागून श्रीधर म्हणाला, "आज डबा नको गं, जरा ॲसिडिटी झालीय." मी इस्त्रीवरची नजर न काढता विचारलं, "बरा आहेस ना?" तो म्हणाला, "हो." मग दार लागल्याचा आवाज... बस्स. एकतीस वर्षांच्या संसारातलं शेवटचं बोलणं एवढंच. त्याचा आवाज मला आठवतो. बूट घालायला वाकला की तो बारीकसा हुंकार द्यायचा, तोही आठवतो. पण त्याचा त्या सकाळचा चेहरा मला आठवत नाही, कारण मी तो पाहिलाच नाही. फिकट पडला होता का? घाम आला होता का? हात छातीवर होता का? गेले नऊ आठवडे मी हेच स्वतःला विचारतेय आणि उत्तर द्यायला कुणी नाही.

पावणेबाराला शाळेच्या ऑफिसातला फोन वाजला. तो मीच उचलते, ते माझं कामच आहे. पलीकडे ग्रॅहम होता, श्रीधरच्या टीममधला त्याचा जुना सहकारी. ग्रॅहम मला शाळेत कधीच फोन करत नाही. त्याने नुसतं माझं नाव घेतलं आणि मी खुर्चीतून उठले. ऑफिसच्या जिन्यात श्रीधर कोसळला होता, ॲम्ब्युलन्स येऊन गेली होती. "तू हॉस्पिटलमध्ये ये," तो म्हणाला, "पण एकटी येऊ नकोस." एकटी येऊ नकोस! याचा अर्थ कळायला काय इंजिनिअर व्हावं लागतं? हेडटीचरने इन्स्पेक्शनवाल्यांना तसंच सोडून मला गाडीत घातलं. रस्त्यात एकेक सिग्नल लाल लागत होता आणि मी मनात म्हणत होते, लागू दे, अजून लागू दे, जितका वेळ आपण पोचत नाही तितका वेळ तो आहे... हॉस्पिटलमध्ये एका लहानशा खोलीत बसवलं. डॉक्टरबाई आल्या. त्या उभ्याने बोलल्या नाहीत, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. तेव्हाच मला कळलं. पुढचं त्या काय बोलल्या ते मी ऐकलं नाही, सगळं हेडटीचरने ऐकून घेतलं.

इथे माणूस असा अचानक गेला की कागद कॉरोनरकडे जातात, म्हणजे मृत्यूचं कारण तपासणाऱ्या अधिकाऱ्याकडे. मग पोस्टमॉर्टेम, मग सर्टिफिकेट, मग क्रिमेटोरियमची तारीख. आपल्याकडे संध्याकाळपर्यंत सगळं उरकतात, आम्हाला अठरा दिवस थांबावं लागलं. अठरा दिवस तो कुठल्यातरी थंड खोलीत आणि मी इथे हीटिंग लावून बसलेली. आमची मुलगी सायली ग्लासगोहून आली. ती तिथल्या शाळेत फिजिक्स शिकवते. आमच्या भागातल्या मराठी मंडळातली माणसं रोज डबे घेऊन येत होती, कोण वरणभात, कोण मेथीचे पराठे. माणसं खरंच चांगली. पण प्रत्येक जण बसल्यावर दोन मिनिटांनी तेच विचारायचा, "वहिनी, आधी काहीच जाणवलं नाही का हो?" मी "नाही" म्हणायचे आणि चहा टाकायला उठायचे. त्या "काहीच"ने मला आतून सोलून काढलं. कारण आमच्या घरात, निदान आमच्या घरात तरी, ते जाणवायला हवं होतं. ते का, हे सांगायला मला श्रीधरच्या कामाबद्दल थोडं सांगावं लागेल.

श्रीधर रेल्वेच्या सिग्नलचा इंजिनिअर होता. आधी ब्रिस्टलकडे, मग बावीस वर्षं लंडनमध्ये. त्याचं काम टेस्टिंगचं. नवीन सिग्नल बसवले की गाड्या सोडायच्या आधी ते तपासून सही करणारा तो. लग्न झाल्यावर मी नागपूरहून थेट ब्रिस्टलला आले, तेव्हा हे मला अगदीच मामुली काम वाटायचं. दिवा लाल आहे की हिरवा, यात काय एवढं? एकदा त्याने समजावलं होतं. कंट्रोल रूममधल्या बोर्डावर सिग्नल लाल दिसतो, पण तिकडे रुळावर तो खरोखर लाल आहे का, हे बोर्डापाशी बसलेल्याला कळत नाही. त्यासाठी दुसरा माणूस पावसात, थंडीत रुळाशेजारी उभा राहतो आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघून सांगतो, हो, लाल आहे. एकेक सिग्नल असा. ज्याने वायर जोडली त्याने ती तपासायची नाही, आणि जो तपासतो त्याने जोडणाऱ्याला विचारायचं नाही. "का नाही विचारायचं?" मी म्हटलं होतं. तो म्हणाला, "कारण करणारा नेहमी 'हो'च म्हणतो. खोटं बोलतो असं नाही. त्याला खरंच वाटत असतं."

हे तो पुस्तकातलं सांगत नव्हता. ब्रिस्टलला असताना, सायली तेव्हा जेमतेम रांगत होती, एका रविवारी सकाळी तो कामावरून आला आणि बूट न काढता जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून राहिला. मी घाबरले, वाटलं शॉक बसला याला. मग त्याने सांगितलं. एका जंक्शनवर जुन्या वायर काढून नव्या घातल्या होत्या. वायरींची पेटी बंद करून सही करायच्या वेळी पाऊस होता, सगळे थकलेले, आणि याने वायरमनला नुसतं विचारलं, "जुनी काढलीस ना?" तो म्हणाला, "हो." याने सही केली. पहिली गाडी सोडायला तासभर असताना तिसऱ्याच एका म्हाताऱ्या टेस्टरने ती पेटी उघडली, तर जुनी वायर तशीच लोंबत होती. चुकून टेकली असती तर लालच्या जागी हिरवा. काही झालं नाही. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण त्यानंतर कितीतरी दिवस तो सायलीला उचलून घ्यायचा आणि तिला घट्ट धरून नुसता उभा राहायचा. मला त्याची भीती वाटायची.

त्या रविवारपासून तो नियम आमच्या घरात राहायला आला. विचारायचं नाही, जाऊन बघायचं. आणि काय सांगू, या नियमाने माझ्या डोक्यावर तीस वर्षं मिरी वाटली! भारतात जायला निघालो, टॅक्सी दारात, बॅगा डिकीत, आणि गॅस याने बंद केला असेल तर तो मी जाऊन बघायचा. दार मी लावलं तर ते त्याने ओढून बघायचं. मी दारातूनच ओरडायचे, "अरे, गॅस बंद केलास ना?" तर हा हाताची घडी घालून उभा. हूं नाही की चूं नाही. "बोल ना बाबा, विमान जाईल!" तरी गप्प. शेवटी मी बूट काढून, तणतणत आत जायचे, गॅस बघायचे, चारही नॉब दिसायचे बंद, आणि बाहेर येऊन म्हणायचे, "नवरा आहेस की हेडमास्तर?" मग तो हसायचा. लग्नानंतर सहा महिने मी त्याला अहो म्हणत होते, पण असल्याच एका भांडणात "अरे" निघून गेलं आणि तेच राहिलं. मंडळाच्या गणपतीतही तीच तऱ्हा. भाड्याच्या शाळेच्या हॉलमध्ये आरतीची तयारी झालेली, शंभर माणसं ताटकळलेली, आणि हा म्हणतो मागचा फायर एक्झिट उघडतोय का ते कुणीतरी बघून या. आमचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त सर्जन, तापट माणूस. "अहो श्रीधरराव, केअरटेकरने उघडलाय म्हणून सांगितलंय ना!" हा शांतपणे म्हणाला, "डॉक्टर, पेशंटने सांगितलं की पोट शिवलंय, तर तुम्ही टाके बघत नाही का?" आरती दहा मिनिटं उशिरा झाली. दार उघडंच होतं, हे आलंच. डॉक्टर वर्षभर बोलले नाहीत आमच्याशी.

पण याच नियमाने मला माझी आई शेवटची भेटली. ती नागपूरला भावाकडे होती. फोन केला की भाऊ म्हणायचा, बरी आहे. वहिनी म्हणायची, बरी आहे. आई स्वतः म्हणायची, "मी बरी आहे गं, तू तुझं बघ." आणि मला ते बरंच वाटायचं, खोटं कशाला बोलू, इतक्या लांबून तेवढंच हवं असतं. श्रीधरने एक दिवस कामावरून येताना तिकीटच काढून आणलं. मी चिडले, सुट्टी नाही, सायलीच्या परीक्षा आहेत. तो म्हणाला, "तिघंही तिथेच राहणारी माणसं, ती 'बरी'च म्हणणार. तू जाऊन बघ." गेले. आई अंथरुणात इवलीशी झाली होती. अकरा दिवस मिळाले मला तिच्याबरोबर. परत आल्यावर मी त्याचे आभार मानले नाहीत, आपल्यात कुठे ती पद्धत असते. आता वाटतं, मानायला हवे होते. तो मला "काय झालं" असं कधी विचारायचाच नाही. शाळेतून आले की दारात एक क्षण माझ्याकडे बघायचा आणि गप्प पाणी ठेवायला जायचा, किंवा म्हणायचा, आज खिचडी मी करतो. खिचडी काय, लगदा असायचा तो... पण त्याला दिसलेलं असायचं.

असा माणूस. आणि त्याच्या शेवटच्या सकाळी मी काय केलं? विचारलं. पाठ करून विचारलं. तीस वर्षं ज्या एका गोष्टीसाठी त्याने कान टोचले, ती एकच गोष्ट मी ज्या दिवशी करायची त्या दिवशी केली नाही. मी मान वळवली असती तर? डॉक्टरबाईंना मी नंतर फोन करून हे विचारलं. त्या म्हणाल्या, असं सांगता येत नाही. कॉरोनरच्या ऑफिसातल्या बाईंना विचारलं, त्याही तेच म्हणाल्या, फार प्रेमळ आवाजात. पण त्यांनी मला एक उलट प्रश्न विचारला, तुमचे मिस्टर जीपीकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरकडे, शेवटचे कधी गेले होते? मी म्हटलं, मागच्या वर्षी, हेल्थ चेकला. त्यांच्याकडच्या नोंदीत चार वर्षांत एकही भेट नव्हती. हेल्थ चेकचं पत्र आलं होतं, ते मीच फ्रिजवर लावलं होतं. महिनाभराने मी विचारलं होतं, "जाऊन आलास का?" आणि तो म्हणाला होता, "हो." मी पत्र काढून कचऱ्यात टाकलं. म्हणजे मंगळवारी पहिल्यांदा नव्हे, त्याच्याही आधी मी सही करून मोकळी झाले होते.

या सगळ्यात सायली ग्लासगोला परत गेली. शाळा किती दिवस सोडणार? ती गेल्यावर घर एवढं शांत झालं की फ्रिजचा आवाज ऐकू यायचा. मी कामावर जायला लागले. आणि मग माझ्याच अंगात काहीतरी सुरू झालं. सकाळी उठताना डोकं ठणकायचं. सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये एकदा ट्रॉली धरून उभी राहिले, जमीन हलल्यासारखी वाटली. छातीत धडधड, अशी की कानात ऐकू यावी. जिना चढले की दम लागायचा. मी म्हणायचे, दुःख आहे, झोप नाही, होणारच. जीपीला फोन करायचा विचार यायचा आणि लगेच भीती वाटायची, गेले आणि त्यांनी काही सांगितलं तर? सायली एकटी पडेल. आणि नाही गेले तर? तरीही सायली एकटीच पडेल. असं माझं दिवसभर चालायचं. रोज संध्याकाळी सहाला तिचा व्हिडिओ कॉल यायचा. "आई, तू जेवला का? तू ओके आहे ना?" तिचं मराठी असंच, आमच्या लाडाने बिघडलेलं. मी फोन साखरेच्या डब्याला असा टेकवून ठेवायचे की अर्धा चेहरा आणि वरचा दिवा दिसावा. "हो गं, मस्त आहे मी. तू?" "आय ॲम फाइन, मम्." दोघी हसायचो आणि फोन ठेवायचो.

सहाव्या आठवड्यातल्या एका गुरुवारी, मी नुकती शाळेतून आले होते, दारावर ग्रॅहम. सव्वासहा फूट उंच माणूस, हातात दुकानातला लेमन केक. बसला. मी चहा केला. श्रीधरबद्दल दोन गमतीच्या गोष्टी सांगितल्या त्याने, पण डोळे माझ्याकडे नाहीत, सगळा वेळ कपाकडे. मग एकदम म्हणाला, "मला तुला एक सांगायचंय. मला ते पोटात ठेवता येत नाही." आदल्या शुक्रवारी, म्हणजे त्या मंगळवारच्या चार दिवस आधी, दोघं ऑफिसचा जिना चढत होते. श्रीधर मध्येच थांबला. कठडा धरून उभा राहिला. ग्रॅहम दोन पायऱ्या पुढे होता, त्याने विचारलं, "ऑल राइट?" श्रीधर म्हणाला, "हो, गुडघे." आणि ग्रॅहम पुढे चालू लागला. "एकोणीस वर्षं आम्ही एकमेकांचं काम तपासलं," तो म्हणाला, "त्याच्या शब्दावर मी एकदासुद्धा सही केली नाही. एकदासुद्धा. आणि त्या दिवशी मी मागे वळलोसुद्धा नाही." एवढं म्हणून तो आडदांड माणूस माझ्या सोफ्यावर रडायला लागला.

खरं सांगते, पहिल्या क्षणी मला हायसं वाटलं. चला, मी एकटी नाही! दुसऱ्या क्षणी त्याचा राग आला, अरे, तू चार दिवस आधी बोलला असतास तर... आणि मग माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती थेट श्रीधरवर. गुडघे? मला ॲसिडिटी, याला गुडघे? म्हणजे तुला कळत होतं! जगाला शिकवत होतास ना, करणारा नेहमी 'हो'च म्हणतो म्हणून? मग तू कोण होतास? तू काय म्हणत होतास मला? मी ग्रॅहमसमोर मराठीतच बोलत सुटले, मोठ्याने, श्रीधर समोर बसल्यासारखी. ग्रॅहमला एक अक्षर कळलं नाही, पण तो मान हलवत राहिला. मग आम्ही केक खाल्ला, इतका गोड होता की दोघांनाही पुरा संपवता आला नाही. जाताना त्याने दारात माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तू बरी आहेस ना?" मी म्हटलं, "हो."

दार लावलं आणि तिथेच थांबले. छातीत धडधडत होतं. किती सहज निघालं होतं ते... खोटं बोलायचं म्हणून नाही. समोरच्याला जाता यावं म्हणून. श्रीधरनेही असंच केलं असणार. मला शाळेत उशीर होतोय, ग्रॅहमला वर मीटिंग आहे, कशाला उगाच. रागाचं काय झालं कळलं नाही, पण मला त्याची दया आली, माझीही आली, आणि जाम भीती वाटली. सहा वाजले, फोन वाजला. "आई, तू ओके आहे ना?" "हो गं." फोन ठेवला. खुर्चीवर बसले. पाच मिनिटंही झाली नसतील, मी पुन्हा फोन लावला. "सायली, मी खोटं बोलले." "म्हणजे? व्हॉट्स राँग, आई?" "ते मला विचारू नकोस. मी नीट सांगणार नाही. मला जमत नाही सांगायला. तू येऊन बघ." मग ती म्हणाली, "येते. शनिवारी पहिली ट्रेन."

आली. दारात कोट न काढता, एक शब्द न बोलता ती माझ्याकडे बघत राहिली. अगदी बापासारखी. मग फ्रिज उघडला, लोकांचे डबे तसेच भरलेले पाहिले. माझ्या पायांवरची सूज पाहिली, मोज्यांचे वळ उमटलेले. सोमवारी सकाळी आठला तिने जीपीच्या दवाखान्यात फोन लावला, फोनवरच्या रांगेत ताटकळत राहिली आणि त्याच दिवसाची अपॉइंटमेंट मिळवली. नर्सने ब्लड प्रेशर घेतलं. पुन्हा घेतलं. मग डॉक्टरांना बोलावून आणलं. तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या, त्या आता जन्मभर. "थोडं आधी यायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले, "पण आलात हे बरं झालं." मी हो म्हटलं. श्रीधरला कुणी हे म्हणालं असतं तर, हा विचार आला, आणि तो मी आता घालवतही नाही. मंगळवारी वळून पाहिलं असतं तर मला काही दिसलं असतं का, ते मला कधीच कळणार नाही. त्या न कळण्याबरोबर राहायला मी शिकतेय.

सायली आठवडाभर राहिली. रविवारी तिला सोडायला मी युस्टन स्टेशनला गेले. ती नको म्हणत होती, पण मी ऐकलं नाही. बोर्डावर ग्लासगोच्या गाडीचा प्लॅटफॉर्म लागला आणि सगळे लोक एकदम धावत सुटले, तशी तीही बॅग उचलून म्हणाली, "ओके आई, गोळ्या टाइमवर घे हां. आय ॲम फाइन, डोन्ट वरी." मी विचारलंच नव्हतं. गेले सहा आठवडे मी तिला नुसतं विचारत होते आणि ती फाइन म्हणत होती, आणि या आठवड्यात माझ्या दुखण्याच्या धांदलीत माझं तिच्याकडे लक्षच नव्हतं. मी तिची बॅग खाली ठेवली. तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि उजेडाकडे वळवून पाहिला. गालाची हाडं वर आलेली. डोळ्यांखाली काळं. खालचा ओठ दातांनी सोललेला. वडील गेल्यापासून ही पोर माझ्यासमोर एकदाही रडली नव्हती आणि मला वाटत होतं, खंबीर आहे. "काय झालं? आई, गाडी जाईल माझी." मी तिचा चेहरा सोडला नाही. माणसं आम्हाला वळसा घालून पळत होती. तिची हनुवटी थरथरायला लागली होती.

"जाऊ दे," मी म्हटलं. "ही गाडी जाऊ दे."